जी-अल्फा-क्यूची अँटीबॉडी घेताय? आधी शेवटची दहा अक्षरं बघा

वेस्टर्न ब्लॉट (प्रोटीन वजनाप्रमाणे वेगळे करून अँटीबॉडीने ओळखायची पद्धत) कसा लावायचा हे मी सांगत बसत नाही, ते तुम्हाला येतंच. मला एकाच गोष्टीने खाल्लं, तेवढीच सांगते.

मी जी-अल्फा-क्यू (सेलमध्ये सिग्नल पोचवणारं एक प्रोटीन, पुढे नुसतं क्यू) नॉकडाउन करत होते, म्हणजे सेल्समध्ये ते बनणं कमी करत होते. क्यूपीसीआरमध्ये (आरएनए मोजायची चाचणी) त्याचा एमआरएनए छान खाली आलेला आणि ब्लॉटवर ४२ किलोडाल्टनच्या आसपास बँड जसाच्या तसा, ठसठशीत. मग काय, सायआरएनए (नॉकडाउन घडवणारा छोटा आरएनए) बदलला, डोस वाढवला, प्रोटीन जायला वेळ लागत असेल म्हणून ७२ तासांचे ९६ केले, शेवटी स्वतःच्या पिपेटिंगवर संशय घेऊन रडून झालं. सीनियर म्हणे, "एवढ्या पेपरांत हीच अँटीबॉडी आहे, परत करून बघ." 'परत करून बघ' हा सल्ला नसतो, टाळाटाळ असते, माझं स्पष्ट मत.

दोन महिन्यांनी डेटाशीट नीट वाचली. इम्युनोजेन (ज्याविरुद्ध अँटीबॉडी बनवली तो तुकडा) म्हणून सी-टर्मिनल, म्हणजे प्रोटीनच्या शेवटच्या टोकाचा, पेप्टाइड दिलेला. आता क्यू आणि जी-अल्फा-११ हे सख्खे भाऊ, माणसात दोघंही ३५९ अमिनो आम्लांचे, आणि शेवटची दहा (प्रत्येक आम्लाला एक अक्षर) तर अक्षरशः एकच: क्यू-एल-एन-एल-के-ई-वाय-एन-एल-व्ही. अँटीबॉडी तेवढीच शेपटी पकडणार, मग शेपटी कोणाची हे तिला कळणार कसं? बहुतेक सेल्समध्ये दोघंही असतात, वजनही जवळपास तेच, म्हणजे क्यू गेला तरी ११ त्याच जागी ठाण मांडून. नॉकडाउन पहिल्या दिवसापासून झालेलं होतं हो, मी भलत्याच भावाकडे बघत होते!

आणि ब्लॉकिंग पेप्टाइडवर (अँटीबॉडीत आधीच मिसळून तिची पकड अडवणारा तोच इम्युनोजेन तुकडा) तर मुळीच विसंबू नका. मी लावला, बँड गायब झाला, मी खूश. अरे पण पेप्टाइडही तोच दहा अक्षरांचा, दोघांचा बँड एकदमच जाणार ना! मोनोक्लोनल आहे म्हणूनही निर्धास्त राहू नका, एकच एपिटोप (अँटीबॉडी चिकटते ती जागा) पकडते म्हणजे एकच प्रोटीन पकडते असं नाही.

अँटीबॉडी वाईट नाही हं, क्यू आणि ११ मिळून बघायचे असतील तर उत्तमच. वेगळे बघायचे तर सीक्वेन्स जिथे वेगळा आहे त्या भागावर बनवलेली शोधा. दोन्ही जीन काढलेल्या एचईके-२९३ सेल्स (लॅबमध्ये वाढवतात त्या मानवी सेल्स) मिळाल्या तर त्यात एकदा फक्त क्यू आणि एकदा फक्त ११ घालून शेजारशेजारच्या लेनमध्ये चालवा, एका जेलमध्ये उत्तर मिळतं. जी-अल्फा-आय-१ आणि आय-२ (याच कुटुंबातली प्रोटीन) वाल्यांनो, हसू नका, तुमचीही शेवटची दहा सारखीच आहेत.

घाबरू नका, युनिप्रॉटवरून (प्रोटीन सीक्वेन्सचा डेटाबेस) दोन सीक्वेन्स काढून अलाइन करायला, म्हणजे एकाखाली एक लावून बघायला, पाच मिनिटं लागतात. डेटाशीटवर इम्युनोजेन दिलेलाच नसेल तर कंपनीला मेल टाका, निदान कुठला भाग ते विचारा, आणि तेही सांगत नसतील तर मी तरी ती अँटीबॉडी घेत नाही.