यज्द शहर कसं बघायचं

यज्द म्हणजे इराणच्या यज्द प्रांताची राजधानी, चारी बाजूंनी वाळवंट, पाऊस नावालाच. त्यामुळे जायचं तर मार्च-एप्रिल नाहीतर ऑक्टोबर-नोव्हेंबर, जून-जुलैत अजिबात नको. तेहरानहून ट्रेन मिळते. आपलं डेबिट-क्रेडिट कार्ड इराणमध्ये चालत नाही, तेव्हा कॅश सोबत ठेवाच.

पहिल्यांदा वॉटर म्युझियमला जा, बाकी सगळं नंतर. डोंगराच्या पायथ्याचं पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून, फक्त उतारावर, पंप न लावता शहरात कसं आणायचे ते तिथे कळतं, संभाजीनगरची नहर-ए-अंबरी पाहिली असेल तर लगेच लक्षात येईल. हे पाणी होतं म्हणून शहर आहे.

मग दौलताबाद बागेत जा, तिथला बादगीर, म्हणजे वरची हवा खाली खोलीत आणणारा मनोरा, जवळपास ३३ मीटर उंच आहे, बरोबर त्याच्या खाली उभं राहायचं, वरून येणारी हवा डोक्यावर जाणवते आणि खालच्या हौदावरून ती गार होऊन खोलीत पसरते, वीज लागतच नाही, मला तर तिथून हलावंसंच वाटत नव्हतं.

जुनं गाव मातीच्या विटांचं, २०१७ पासून युनेस्कोच्या यादीत. गल्ल्यांत संध्याकाळी फिरा, दुपारी नाही.

पारशी अग्निमंदिर चुकवू नका, आतला अग्नी साधारण इ.स. ४७० पासून तेवत ठेवलाय असं सांगतात, काचेतून दिसतो. आपल्या मुंबईतल्या इराणी हॉटेलवाल्यांपैकी बऱ्याच जणांचे पूर्वज याच भागातले. निघताना बदामाचं कोत्ताब (तिथली मिठाई) घ्या, छान टिकतं.