पुढचं चाक जाम? कॅलिपर बदलण्याआधी निपल उघडून बघा

चोर्ला किंवा आंबोली घाट करून आलं की फोर्स ट्रॅव्हलर व्हॅनवर बांधलेली कॅम्पर एका बाजूला ओढते, पुढचं एक चाक तापतं. मेस्त्री म्हणतो, 'कॅलिपर गेला', म्हणजे डिस्कवर ब्रेक पॅड दाबणारा भाग. असेलही, पण आधी खात्री करा. पुढे डिस्क ब्रेक असेल तर हे घरीच कळतं.

१. चाक गार होऊ द्या. मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावा, पुढून जॅक आणि स्टँड. ब्रेक दाबून सोडा, चाक फिरवून बघा.

२. जाम असेल तर कॅलिपरचं निपल (हवा-ऑइल बाहेर काढायचा छोटा स्क्रू) किंचित ढिलं करा. तरीही सुटलं नाही तर दोष तिथेच, पिस्टनमध्ये (पॅड ढकलणारा दट्ट्या) किंवा स्लाइड पिनांत (कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या). आधी पिना काढा. आपल्याकडच्या पावसात बऱ्याचदा त्याच गंजतात. घासून सिलिकॉन ग्रीस लावा. साध्या ग्रीसने रबर फुगतं.

३. चाक सुटलं तर कॅलिपर ठीक, दाब वर अडकलाय. निपल आवळा, ब्रेक दाबून चाक पुन्हा जाम करा, मग कॅलिपरला जाणाऱ्या रबरी होजच्या (नळीच्या) वरच्या टोकाचा लोखंडी पाईप ढिला करा. सुटलं, तर मास्टर सिलिंडरकडे (पेडल दाबल्यावर ऑइलला दाब देणारा भाग) बघा. नाही सुटलं, तर होज आतून बंद झालाय. बदलताना दोन्ही बाजूंचे बदला.

ब्रेक ऑइल नव्याने भरायचंच आहे, तर गाडीच्या पुस्तकात चालत असेल तर डॉट ४ ग्रेडचं घ्या. त्याचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश, डॉट ३ चा २०५. घाटात हा फरक लागतो.

पाईप उघडल्यावर हवा काढून पेडल कडक लागेपर्यंत गाडी हलवू नका. ऑइल रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा.