आगारातली तक्रार सभागृहापर्यंत नेताना

एस.टी.ची रात्रीची वस्तीची गाडी बंद झाली की गावात ठरलेल्या गोष्टी घडतात. शंभर सह्यांचे निवेदन तयार होते, ते आगारप्रमुखांना देताना छायाचित्र काढले जाते, दोन दिवसांनी ते स्थानिक वृत्तपत्रात छापून येते आणि गाडी मात्र येत नाही. निवेदन देऊच नये असे नाही. परंतु गाड्या किती घ्यायच्या, चालक किती नेमायचे आणि तोट्यातल्या फेऱ्यांचा भार कोणी उचलायचा हे आगारात ठरत नसून शेवटी सरकारच्या तिजोरीशी येऊन थांबते, आणि त्या तिजोरीतून पैसे काढायला मंजुरी देणारे सदस्य आपणच निवडून दिलेले असतात. रस्ता, रेल्वे, एस.टी. किंवा बंदराचा धक्का यांपैकी कशाचीही तक्रार असो, तिचे सभागृहातल्या प्रश्नात रूपांतर करून सरकारकडून लेखी उत्तर घेण्याची रीत येथे सांगितली आहे.

सर्वांत आधी पैसा कोणाचा आहे ते शोधावे, कारण चुकीच्या सभागृहात गेलेला प्रश्न स्वीकारलाच जात नाही. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीप्रमाणे रेल्वे, राष्ट्रीय महामार्ग, मोठी बंदरे आणि विमानवाहतूक हे केंद्राचे विषय आहेत. बाकीचे रस्ते राज्याचे आहेत. लहान बंदरे समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांच्याही अधिकारात, असली तरी आपल्याकडे त्यांचा कारभार महाराष्ट्र सागरी मंडळ पाहते. म्हणून सिंधुदुर्गातल्या वेंगुर्ल्याच्या धक्क्याचा प्रश्न बहुधा विधानमंडळातच विचारावा लागतो, मात्र एखाद्या धक्क्याला बंदरविकासाच्या सागरमाला योजनेतून केंद्राचा निधी मिळाला असेल तर त्या निधीपुरते खासदारही विचारू शकतात. एस.टी. महामंडळ राज्याचे असल्याने वस्तीच्या गाडीसाठी खासदारांचे उंबरठे झिजवण्यात अर्थ नाही.

मुंबई-गोवा महामार्गाच्या बाबतीत हा शोध आणखी बारकाईने घ्यावा लागतो. राष्ट्रीय महामार्ग 66, म्हणजे जुना 17, हा केंद्राचा खरा. पण चौपदरीकरणात पनवेल ते इंदापूर हा 84 किलोमीटरचा भाग भारतीय राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे आला, तर इंदापूरच्या पुढे सिंधुदुर्गातल्या झारापपर्यंतचे काम केंद्राच्या पैशाने, परंतु राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाच्या राष्ट्रीय महामार्ग शाखेमार्फत झाले. (इंदापूर हे रायगडातले, पुणे जिल्ह्यातले नव्हे, हा घोळ छापील बातम्यांतही होतो.) 2011 पासून चाललेल्या या कामाबद्दल ‘महामार्ग कधी पूर्ण होणार’ असे विचारले की उत्तरही तसेच मोघम येते. कोणत्या किलोमीटरपासून कोणत्या किलोमीटरपर्यंत, कोणती यंत्रणा आणि कोणत्या वर्षीचे कंत्राट एवढे प्रश्नात असले, तर एका यंत्रणेने दुसरीकडे बोट दाखवायला जागा राहत नाही. महामार्गाबाबत उच्च न्यायालयात जनहित याचिका झालेल्या आहेत, हेही ध्यानात ठेवावे. न्यायप्रविष्ट बाबीवरचा प्रश्न संसदेत नाकारला जाऊ शकतो, म्हणून याचिकेतला मुद्दा सोडून खर्चाचा किंवा देखभालीचा मुद्दा धरावा.

कोकण रेल्वेची गोष्ट निराळी आहे. 1990 मध्ये स्थापन झालेल्या या महामंडळात आरंभी केंद्राचा वाटा 51 टक्के, महाराष्ट्राचा 22, कर्नाटकाचा 15 आणि गोवा व केरळ यांचा प्रत्येकी 6 टक्के होता. त्यामुळे रेल्वेमंत्र्यांना लोकसभेत प्रश्न विचारता येतो तसाच, भागधारक म्हणून राज्याने काय भूमिका घेतली हे विधानसभेतही विचारता येते. बॅरिस्टर नाथ पै आणि मधु दंडवते यांना लोकसभेत पाठवणाऱ्या तेव्हाच्या राजापूर मतदारसंघातल्या लोकांना संसदेचे महत्त्व वेगळे सांगावे लागू नये. तरी 1977 मध्ये दंडवते रेल्वेमंत्री झाल्यावरही रोहा ते मंगळुरूजवळचे ठोकूर हा कोकण रेल्वेचा सगळा मार्ग सुरू व्हायला 1998 उजाडले, हेही तितकेच खरे.

पैसा कोणाचा हे कळल्यावर आकडे जमवावेत. अर्थसंकल्पाच्या पुस्तकांत प्रत्येक मागणीखाली, म्हणजे खात्याने सभागृहाकडे मंजुरीसाठी मागितलेल्या रकमेखाली, प्रत्यक्ष खर्च, अर्थसंकल्पीय अंदाज आणि सुधारित अंदाज असे रकाने असतात. अंदाजापेक्षा सुधारित अंदाज खूप खाली आला असेल तर मंजूर पैसा त्या वर्षी खर्च होण्याची चिन्हे नव्हती असे समजावे, आणि ‘निधीअभावी काम रखडले’ असे कोणी सांगत असेल तर तिथेच थांबवून विचारावे. रेल्वेचा स्वतंत्र अर्थसंकल्प 2017-18 पासून सर्वसाधारण अर्थसंकल्पात विलीन झाला असला तरी कामांची यादी ‘पिंक बुक’ या नावाने निघते. कोकण रेल्वेसाठी मात्र महामंडळाचा वार्षिक अहवाल पाहावा. तो संसदेच्या पटलावर ठेवला, म्हणजे सभागृहात अधिकृतपणे सादर केला जातो. एस.टी.च्या बाबतीत सवलतींची प्रतिपूर्ती, म्हणजे सवलतीपोटी राज्याने भरून द्यायची रक्कम, शोधावी. 75 वर्षांवरील ज्येष्ठांना 2022 पासून मोफत आणि महिलांना मार्च 2023 पासून निम्म्या तिकिटात प्रवास आहे, त्याचा भार राज्याने महामंडळाला द्यायचा असतो, आणि ती रक्कम अर्थसंकल्पात व पुरवणी मागण्यांत दिसते. पुस्तकात न सापडणारा तपशील, उदाहरणार्थ एका आगारातल्या रद्द फेऱ्या, माहितीच्या अधिकारात 10 रुपये भरून मागवावा आणि उत्तराच्या 30 दिवसांच्या मुदतीचा हिशेब अधिवेशनाच्या तारखेशी घालावा.

आता प्रश्नाचा मसुदा, आणि इथेच बहुतेक मेहनत वाया जाते. विधानमंडळातल्या प्रश्नाचा साचा ठरलेला आहे: पहिल्या भागात वस्तुस्थिती सांगून ‘हे खरे आहे काय’ असे विचारायचे, मग ‘असल्यास’ म्हणून चौकशी आणि कार्यवाही विचारायची, आणि शेवटी ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत’ असे विचारायचे. आमच्या तालुक्यातून गेलेल्या एका प्रश्नात फेरी बंद झाल्याचा महिना चुकला होता. उत्तर आले, ‘हे खरे नाही.’ पुढच्या तिन्ही भागांपुढे ‘प्रश्न उद्भवत नाही’ असे छापलेले होते. फेरी बंदच होती, उत्तरही शब्दशः खोटे नव्हते, आणि आमचे चार महिने गेले. तेव्हापासून आम्ही पहिल्या भागात कागदाने सिद्ध होणारी एकच गोष्ट घालतो, तीही तारखेला ‘च्या सुमारास’ जोडून.

नमुन्यादाखल मसुदा असा करता येईल: ‘अमुक आगारातून अमुक गावी मुक्कामी जाणारी बस अमुक महिन्याच्या सुमारास बंद करण्यात आली, हे खरे आहे काय, असल्यास, सदर आगारात मंजूर व प्रत्यक्ष उपलब्ध बसगाड्यांची आणि चालकांची संख्या किती आहे, मागील तीन वर्षांत, वर्षनिहाय, सदर आगाराच्या किती फेऱ्या रद्द झाल्या, सदर फेरी पूर्ववत सुरू करण्याबाबत शासनाने कोणता निर्णय घेतला व तो किती कालावधीत अमलात येईल, नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ यात रागाचा एक शब्द नाही आणि मताचाही नाही, कारण आरोप, तर्क किंवा सल्ला असलेला प्रश्न सभागृहाचे सचिवालय बाजूला ठेवते. लोकसभेत प्रश्न साधारणपणे 150 शब्दांच्या आत असावा लागतो. चार तक्रारी एका प्रश्नात कोंबू नयेत. चार प्रश्न चार सदस्यांकडे द्यावेत.

तारांकित की अतारांकित, हे गरजेवरून ठरवावे. तारांकित प्रश्नाचे उत्तर मंत्री तोंडी देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. पण लोकसभेत दिवसाला असे 20 प्रश्नच यादीत येतात, क्रम चिठ्ठ्या काढून ठरतो आणि प्रश्नोत्तराच्या तासात त्यांतले थोडेच पुकारले जातात. अतारांकितांची संख्या 230 असते आणि त्यांना तक्त्यासह लेखी उत्तर मिळते. आपल्याला आकडे हवे असतील तर अतारांकितच बरा. लोकसभेसाठी किमान 15 दिवस आधी सूचना द्यावी लागते आणि प्रत्येक मंत्रालयाचा वार ठरलेला असतो. विधानमंडळाच्या तारखा त्या त्या अधिवेशनासाठी जाहीर होतात, त्या आमदारांच्या कार्यालयातून आधीच विचारून घ्याव्यात. आपले आमदार सत्तापक्षाचे असल्याने संकोचत असतील तर विधान परिषदेचे सदस्य आहेत, आणि खासदारांच्या बाबतीत राज्यसभा आहे. मतदारसंघाबाहेरच्या सदस्याने आपला प्रश्न विचारू नये असा नियम नाही.

प्रश्नाखेरीज समित्यांकडेही लक्ष ठेवावे. संसदेत रस्ते, बंदरे आणि विमानवाहतूक यांच्या अनुदानाच्या मागण्या परिवहन, पर्यटन व संस्कृतीविषयक स्थायी समिती तपासते, तर रेल्वेसाठी वेगळी समिती आहे. या प्रत्येकीत लोकसभेचे 21 आणि राज्यसभेचे 10 सदस्य असतात. वेळेअभावी अनेक मागण्या सभागृहात चर्चेविनाच मंजूर होतात, त्यामुळे अधिकाऱ्यांची खरी उलटतपासणी समितीच्या अहवालात वाचायला मिळते. सरकारी खर्च तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांचे अहवाल लोकलेखा समितीपुढे जातात. 9 ऑक्टोबर 2021 रोजी उद्घाटन झालेल्या सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळाची सेवा का अडखळते हे विचारण्याआधी लहान शहरांना विमानसेवेने जोडणाऱ्या केंद्राच्या उडान योजनेवरचा 2023 चा लेखापरीक्षण अहवाल चाळावा: तपासलेल्या टप्प्यांत दिलेल्या 774 मार्गांपैकी 403 मार्ग सुरूच होऊ शकले नाहीत, असे त्यात नोंदले आहे. हा आकडा हाताशी असला की प्रश्न केवळ चिपीचे गाऱ्हाणे राहत नाही.

उत्तर आले म्हणजे काम संपले, असा समज करून घेऊ नये. ‘बाब विचाराधीन आहे’ किंवा ‘माहिती संकलित करण्यात येत असून पटलावर ठेवण्यात येईल’ ही वाक्ये आपल्याला टोलवाटोलवी वाटतात, पण संसदीय व्यवहारात अशी वाक्ये आश्वासन म्हणून नोंदली जातात आणि त्यांच्या पूर्ततेवर आश्वासन समिती नजर ठेवते. केंद्रात त्यासाठी तीन महिन्यांची मुदत असते. विधानमंडळातही अशी समिती आहे. उत्तराच्या प्रतीवर प्रश्न क्रमांक, दिनांक आणि आश्वासनाचे नेमके वाक्य अधोरेखित करून ठेवावे, मुदत उलटताच त्याच सदस्यामार्फत समितीला पत्र द्यावे, आणि पुढच्या अधिवेशनासाठी नवा प्रश्न ‘अमुक दिनांकाच्या अमुक क्रमांकाच्या प्रश्नाला दिलेल्या उत्तराच्या अनुषंगाने’ या शब्दांनी सुरू करावा.