बेळगावहून नेपाळच्या मंडळीकडे: पहिल्या सेवादौऱ्याला निघणाऱ्यांसाठी

व्हिसा लागत नाही, पाट्या देवनागरीत, रेल्वेनं जाता येतं. त्यामुळं बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या ख्रिस्ती मंडळ्यांच्या (चर्चच्या) युवक संघांना परदेशातला पहिला सेवादौरा म्हणून नेपाळ सोपा वाटतो. कागदपत्रांपुरता तो सोपा आहेही. कायद्यापुरता नाही, आणि तयारीची सुरुवात तिथूनच करायची.

नेपाळच्या २०१५ च्या संविधानातलं २६ वं कलम दुसऱ्याचं धर्मांतर करायला मनाई करतं. ऑगस्ट २०१८ पासून लागू झालेल्या फौजदारी संहितेच्या १५८ व्या कलमात त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड आहे. परदेशी माणसाला शिक्षा भोगून झाल्यावर सात दिवसांत देशाबाहेर काढतात. म्हणजे धर्मप्रचाराच्या पत्रिका वाटणं, चौकात गाणी म्हणणं, घरोघरी भेटी हे सगळं कार्यक्रमातून आधीच काढून टाका. ‘पर्यटक म्हणून जाऊ, हळूच वाटू’ ही कल्पना प्रत्येक संघात कुणाला तरी सुचते. ती चुकीची आहेच, शिवाय तिचं ओझं दुसऱ्यावर पडतं. तुम्ही सोनौलीची सीमा ओलांडून घरी येता; तिथल्या पाळकाला (मंडळीच्या धर्मगुरूला) तिथंच राहायचं असतं.

मग करायचं काय? तिथली मंडळी सांगेल ते. वसतिगृहातल्या मुलांना संगणक किंवा इंग्रजी शिकवणं, गळकं छत दुरुस्त करणं, गिटार-कीबोर्ड शिकवणं, बोलावलं तर उपासनेत साक्ष देणं, म्हणजे आपल्या विश्वासाचा अनुभव सांगणं. नर्सिंगच्या विद्यार्थ्यांनी मात्र गोळ्या-औषधांची पेटी घेऊन निघू नये. परदेशी डॉक्टरलासुद्धा तिथं रुग्ण तपासायला नेपाळ मेडिकल कौन्सिलची परवानगी लागते, विद्यार्थ्याची तर बातच सोडा. हात धुणं, मासिक पाळीतली स्वच्छता असे विषय स्थानिक आरोग्य चौकीला विचारून घेता येतात.

तीन-चार महिने आधी त्या मंडळीकडून लेखी निमंत्रण मागवा. किती माणसं हवीत, काम कोणतं, झोपायचं कुठं, दुभाषा कोण, एवढं त्यात असलं पाहिजे. आठ ते बारा जण पुरे. त्यात दोन मोठी माणसं आणि मुली असतील तर एक ताई हवीच. पत्रावर २०८३ साल दिसलं तर ती छपाईची चूक नव्हे, तो विक्रम संवत. महिन्यांची सुरुवातही आपल्या इंग्रजी महिन्यांशी जुळत नाही, म्हणून दोन्ही तारखा लिहून घ्या. आणि नेपाळातल्या मंडळ्या रविवारी नव्हे, शनिवारी उपासनेला जमतात, कारण आठवड्याची सुट्टी परंपरेनं शनिवारी. हे माहीत नसलं की संघ रविवारी पहाटे पोचतो आणि उपासनेसाठी पुढचा शनिवार उजाडायची वाट बघतो.

ओळखपत्राचं बघू. भारतीयांना वैध पासपोर्ट किंवा निवडणूक ओळखपत्र चालतं. आधार कार्ड फक्त पंधराच्या आतल्या आणि पासष्टच्या वरच्या माणसांना चालतं; बरेच जण इथंच फसतात. पंधरा ते अठरामधल्या पीयूसीच्या (अकरावी-बारावीच्या) मुलांना मुख्याध्यापकांचं ठरलेल्या नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं. आमचा सल्ला, पासपोर्टच काढा. छत्तीस पानी साध्या पासपोर्टची फी दीड हजार रुपये आहे. सीमाभागातली नेहमीची अडचण नावाची असते. एसएसएलसीच्या (दहावीच्या) मार्क्स कार्डवर नुसतं इनिशियल, आधारवर वडिलांचं पूर्ण नाव, जन्मदाखल्यावर कन्नडमधून इंग्रजीत आणलेलं स्पेलिंग. अर्ज भरण्याआधी हे एकसारखं करून घ्या. नोव्हेंबर २०१४ मध्ये बेलगामचं बेळगावी झालं, त्यामुळं जुन्या दाखल्यांवर जुनं नाव असणार. त्यानं घाबरायचं कारण नाही. घर खानापुरात आणि हॉस्टेल बेळगावात असेल, तर पोलीस पडताळणी ज्या पत्त्यावर व्हायची तिथं कुणीतरी हजर राहील याची सोय करा.

रेल्वेनं जायचं तर गोवा एक्स्प्रेसनं दोन रात्रींत दिल्ली, तिथून गोरखपूर आणि मग बसनं सोनौली. पलीकडे भैरहवाहून काठमांडू अडीचशे किलोमीटरच्या वर आहे आणि घाटाचा रस्ता अख्खा दिवस खातो. रात्रीची बस घेऊ नका. पावसाळ्यात तर जाऊच नका: जुलै २०२४ मध्ये नारायणगढ–मुग्लिन रस्त्यावर दरड कोसळून दोन बस त्रिशूली नदीत वाहून गेल्या. दसैंच्या (नेपाळी दसऱ्याच्या) आठवड्यात बसमध्ये जागा मिळत नाही.

पैशाचा हिशेब सोपा: शंभर भारतीय रुपये म्हणजे एकशेसाठ नेपाळी. दुकानदारानं भाव सांगितला की लगेच विचारा, ‘आयसी की एनसी?’ आयसी म्हणजे भारतीय रुपये, एनसी म्हणजे नेपाळी. हे न विचारता नेपाळी भावाला भारतीय रुपये दिले तर सफरचंद दीडपटीहून महाग पडतं. शंभराच्या नोटा जास्त ठेवा. मोठ्या नोटांचे नियम बदलत आले आहेत, निघण्याच्या आठवड्यात पुन्हा पाहा. दौऱ्याचा खर्च मंडळीच्या ट्रस्टच्या खात्यातून करू नका. ट्रस्टचा पैसा परदेशात खर्च झाला की करसवलतीचा प्रश्न उभा राहतो, म्हणून आधी सीएला विचारा. वर्गणी प्रत्येकाची वैयक्तिक असली की भानगड राहत नाही.

भाषेबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण आपली पोरं इथं उगाच निर्धास्त असतात. नेपाळी वाचता येते, कळते असं नाही. शाळेच्या फाटकावर ‘शिक्षा’ दिसलं की मराठी मुलगा हसतो, कन्नड मुलगाही हसतो. नेपाळीत त्याचा अर्थ शिक्षण. हिंदी बऱ्याच जणांना येते, तरी ती गृहीत धरू नका. समोरच्यानं आपली भाषा सोडून त्याच्या भाषेत बोलायला लावलं की काय वाटतं, हे बेळगावच्या माणसाला कुणी सांगायला नको. भेटल्यावर ‘जयमसीह’ म्हणा. मोठ्या माणसाला दाइ, बाईला दिदी. साक्ष तीन मिनिटांची लिहून न्या, दोन वाक्यं बोलून थांबा आणि दुभाष्याला बोलू द्या. तीन मिनिटांची साक्ष तशीही सहा मिनिटांची होते. दहा मिनिटं बोलाल तर मागच्या बाकावरची लेकरं झोपतात.

बाप्तिस्म्याचे, लेकरांचे, घरातल्या प्रार्थनेचे फोटो गावाच्या नावासकट स्टेटसला टाकू नका. फोन पिशवीतच राहू दे. पाळकांनी स्वतः सांगितलं तरच काढा.

भेट म्हणून कुंदा न्यायचा मोह होतो. दुधाचा पदार्थ, तीन-चार दिवसांचा प्रवास, त्यात उत्तरेचं ऊन. सोनौलीपर्यंत त्याला वास सुटतो. गोकाकचा करदंट न्या. गूळ, डिंक आणि सुकामेव्याचा असल्यानं तो टिकतो, आणि डबा उघडल्यावर तो काय आहे हे सांगता सांगता पहिल्या गप्पा सुरू होतात.