पिकअपच्या इंजिनासाठी ट्यूनिंग निवडताना

इंजिनाची ताकद वाढवण्याआधी गाडीचा मुख्य वापर ठरवावा. ओझे वाहणाऱ्या किंवा ट्रेलर ओढणाऱ्या पिकअपला कमाल अश्वशक्तीपेक्षा कमी आरपीएमवर मिळणारा टॉर्क (चाके फिरवणारा जोर) अधिक उपयोगी पडतो. टर्बो इंजिनात ईसीयूचे (इंजिन नियंत्रित करणाऱ्या संगणकाचे) रीमॅपिंग करून, म्हणजे त्याचे सॉफ्टवेअर बदलून, बूस्टचा (टर्बोने इंजिनात ढकललेल्या हवेचा) दाब आणि इंधनाचे प्रमाण बदलल्यास लक्षणीय फरक पडतो. टर्बो नसलेल्या इंजिनात मात्र त्याने फारसे काही हाती लागत नाही. वाढलेला टॉर्क क्लच आणि गिअरबॉक्सला पेलेल याची खात्री करावी. डिझेल इंजिनात एक्झॉस्टचे तापमान दाखवणारा गेज आधी बसवावा, कारण ओझ्यासह लांब चढ चढताना टर्बो आणि पिस्टन यांना मोठा धोका त्या उष्णतेचाच असतो. डीपीएफ (डिझेलच्या धुरातील काजळी अडवणारा फिल्टर) काढून टाकण्याचा सल्ला देणाऱ्या ट्यूनरकडे, माझ्या मते, पुन्हा जाऊच नये. मूळ सॉफ्टवेअरची प्रत जपून ठेवावी आणि वॉरंटीच्या अटी काम सुरू करण्यापूर्वी वाचाव्यात.