तारीख-वेळेचा रकाना करताना

मी दवाखान्यांच्या अपॉइंटमेंट अ‍ॅपचे स्क्रीन डिझाइन करते. तारीख हवी म्हटलं की नवा डिझायनर सरळ कॅलेंडर ठेवून मोकळा होतो. मी त्याला आधी विचारते, ही तारीख माणसाला पाठ आहे, की आत्ता ठरवायची आहे?

पाठ असलेली तारीख टाइप करू द्या. जन्मतारीखच घ्या. १९५८ साली जन्मलेल्या आजोबांपुढे चालू महिन्याचं कॅलेंडर उघडलं, तर मागच्या बाणावर आठशेच्या वर टॅप होतात. वरच्या वर्षावर टॅप केलं की वर्षांची यादी येते, पण हे त्यांना कोण सांगणार? त्यापेक्षा दिवस, महिना, वर्ष असे तीन रकाने द्या आणि आकड्यांचा कीबोर्ड उघडा. ‘५’ लिहा नाहीतर ‘०५’, दोन्ही चाललं पाहिजे. भरून झालं की खाली ‘५ जून १९५८’ असं अक्षरी महिन्यासकट दाखवा. अमेरिकेतली मुलगी इथल्या आईचा फॉर्म भरत असेल तर तिच्या हाताला महिना आधी लिहायची सवय असते. गफलत झालीच तर तिला तिथल्या तिथे कळते.

डेव्हलपरला बजावून ठेवा, जन्मतारखेला वेळ चिकटवायची नाही. आपली घड्याळं यूटीसीच्या, म्हणजे जगभर आधार धरल्या जाणाऱ्या प्रमाणवेळेच्या, साडेपाच तास पुढे आहेत. इथे ५ जून लागतो तेव्हा यूटीसीत ४ जूनचे १८:३० असतात. सर्व्हरने तीच वेळ धरून तारीख छापली, की पेशंटचा वाढदिवस एक दिवस आधी सरकतो.

अपॉइंटमेंटची तारीख ठरवायची असते. दुखणं घेऊन येणाऱ्याला लवकरातली वेळ हवी असते, म्हणून आज, उद्या आणि पुढचे पाच दिवस वारासकट बटणांवर दाखवा. कॅलेंडर ‘पुढची तारीख’च्या मागे राहू द्या. तिथे मापं सांभाळा. अँड्रॉइडच्या मार्गदर्शनानुसार टॅपची जागा किमान ४८ डीपी (स्क्रीनवरची मापं मोजायचं अँड्रॉइडचं एकक) हवी. ३६० डीपी रुंदीच्या फोनवर दोन्ही बाजूंना १६ सोडले, तर सात वारांना प्रत्येकी ४७सुद्धा मिळत नाहीत. म्हणून मी कॅलेंडर कडेपर्यंत नेते.

वेळेसाठी गोल तबकडी नको. सकाळ, दुपार, संध्याकाळ असे गट करून मोकळ्या वेळांची बटणं द्या. भरलेली वेळ लपवू नका, तिच्यावर ‘भरली’ असं लिहा. नुसता करडा रंग उन्हात दिसत नाही.

रात्री बाराच्या पुढची वेळ असेल तर फार जपून. रात्री साडेबाराची पुणे–नागपूर बस घ्या. शनिवारी जेवून निघणारा माणूस १४ जून २०२५ निवडतो, पण शनिवारी रात्री सुटणाऱ्या बसची तारीख १५, वार रविवार. १४ तारखेची बस तर आदल्याच रात्री गेलेली असते. ही चूक माणसाची नव्हे, स्क्रीनची. बटणावरच लिहा: ‘शनिवारी रात्री १२:३०, तारीख १५ (रविवार)’. पैसे भरण्याआधी हीच ओळ पुन्हा दाखवा आणि एसएमएसमध्येही तीच पाठवा.

शेवटी फोनमधली अक्षरं सगळ्यात मोठी करून प्रत्येक स्क्रीन एका हाताने, अंगठ्याने भरून पाहा. ‘सप्टेंबर’ बटणाबाहेर सांडत असेल, तर बटण रुंद करा. अक्षर बारीक करू नका.