बार्शीत नवं घर बघायला निघताना

सोलापूरहून बार्शीला फ्लॅट बघायला जाणार असाल तर पिशवीत मेजरिंग टेप आणि रिकामी बाटली टाका. जायचं मे महिन्यात, दुपारी तीनला. थंडीत सगळीच घरं गोड दिसतात. मे महिन्यात पश्चिमेच्या भिंतीला तळहात लावला की काय ते कळतं.

बाटली बोअरच्या पाण्यासाठी. घरी आणून ते स्टीलच्या ताटलीत वाळवा. पांढरा थर जाड बसला, तर गिझरचं काय होणार ते समजा. नगरपालिकेच्या पाण्याचं मात्र सेल्स ऑफिसात विचारू नका. समोरच्या ओट्यावर निवडत बसलेल्या मावशींना विचारा, "नळ किती दिसांनी येतो?" त्या मागच्या पाण्याचा वार आणि वेळही सांगतील.

कागदांना निवांत अख्खा दिवस द्या. भगवंत मंदिराच्या बाजूच्या जुन्या गावात वाडा पाडून इमारत उभी केली असेल, तर सिटी सर्व्हेचा उतारा काढा आणि वारस मोजा. भावांच्या सह्या असतातच, बहिणींच्या बघा. हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाएवढाच हक्क आहे. आमच्या आतेभावाचा सौदा अशाच एका सहीपायी आठ महिने लटकला होता. गावाबाहेरच्या प्लॉटिंगवर सातबारा, फेरफार आणि एनएचा, म्हणजे जमीन बिनशेती झाल्याचा, कागद मागा. "एनए काय, होऊन जाईल," असं ऐकलं की चहा प्यायचा आणि उठायचं.

महारेराचा, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण नियामकाकडच्या नोंदणीचा, नंबर विचारायचाच. पण प्रकल्पाची अख्खी जागा 500 चौरस मीटरपर्यंत असेल किंवा फ्लॅट आठपर्यंतच असतील, तर ती नोंदणी लागत नाही, आणि तालुक्याच्या गावात अशाच इमारती फार. तिथं वकिलाच्या तीस वर्षांच्या सर्च रिपोर्टवर, म्हणजे मालकीच्या जुन्या व्यवहारांच्या तपासणीवर, पैसे वाचवू नका. नोंदणी असेल तर करार रजिस्टर होईपर्यंत दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम द्यायची नाही.

टेप कार्पेट एरियासाठी: आतल्या भिंती धरायच्या, बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी सोडायची. बांधकाम पूर्णत्वाचा दाखला मिळाला असेल तर जीएसटी लागत नाही. घर बाईच्या एकटीच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. घरात यावर आधीच बोलून घ्या.

येताना मार्केट यार्डाच्या रस्त्यानं या. तुरीच्या हंगामात तिथं ट्रक कुठवर उभे असतात, ते चहाच्या टपरीवर विचारा. तुमच्या गेटपर्यंत येत असतील, तर बेडरूम मागच्या बाजूची मागा.